ग्रंथनिवडीतला विवेक

मार्च महिना उजाडला की शाळांच्या आणि सार्वजनिक ग्रंथालयांच्या कार्यालयांत एक ठरावीक लगबग सुरू होते. अनुदानाची रक्कम हाती आलेली असते आणि आर्थिक वर्ष संपण्यापूर्वी ती खर्ची पडणे आवश्यक असते. विक्रेत्यांच्या याद्या येतात, सवलतीच्या टक्क्यांची घासाघीस होते, गठ्ठे उतरतात, दाखल नोंदवहीत क्रमांक पडतात, पानांवर शिक्के उमटतात आणि कपाटाला कुलूप लागते. या साऱ्या धावपळीत एक साधा प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही. विकत घेतलेले हे पुस्तक, ते घेण्यापूर्वी, कोणी वाचले होते काय?

कथा-कादंबरीच्या बाबतीत हा प्रश्न विचारला नाही तर फार तर एक नीरस पुस्तक कपाटात पडून राहते. विज्ञानाच्या पुस्तकाचे तसे नाही. ते जे सांगते ते सत्य म्हणून सांगते आणि मूल ते सत्य म्हणूनच स्वीकारते. शाळेचा शिक्का असलेल्या छापील पानाविषयी दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या मनात शंका येत नाही, येण्याचे कारणही नसते. शिक्षकांनी, ग्रंथपालांनी, संस्थाचालकांनी ते पारखूनच आणले असणार, असा त्याचा विश्वास असतो. हा विश्वास सांभाळणे हेच ग्रंथनिवडीचे खरे काम आहे. तेच आज सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

या दुर्लक्षाची किंमत केवळ परीक्षेतल्या गुणांत मोजावी लागते, असे नाही. साप चावल्यास जखमेवर चीर द्यावी, तोंडाने विष ओढून काढावे, वरच्या बाजूस घट्ट आवळपट्टी बांधावी, असे प्रथमोपचार जुन्या बालपुस्तकांत चित्रांसह दिलेले असत. हे सर्व उपाय घातक आहेत, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते. रुग्णाला धीर देणे, दंश झालेला अवयव हलू न देणे आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात त्याला तातडीने पोहोचविणे, हाच योग्य मार्ग होय. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, दगावली असावीत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने मांडला. त्यांतले बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातले आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या वावरात राहणाऱ्या शेतकरी कुटुंबातील मुलाच्या हाती ते जुने पुस्तक पडले, तर त्या चुकीचे मोल कोण चुकविणार? याच मातीत महाडसारख्या लहान गावी राहून डॉ. हिंमतराव बावसकर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केला आणि त्यांच्या कार्याची दखल जगाने घेतली. मुलांच्या कपाटात स्थान हवे ते अशा अभ्यासाची हकिकत सांगणाऱ्या पुस्तकाला.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. मुलांसाठीच्या देखण्या, गुळगुळीत कागदावरच्या विज्ञानपुस्तकांचा मोठा भाग परदेशी पुस्तकांच्या भाषांतराचा असतो. भाषांतर करण्यात गैर काहीच नाही. ज्ञानाला सीमा नसतात. परंतु जिथे पुस्तक लिहिले गेले तिथला सूर्य आणि जिथे ते वाचले जाते तिथला सूर्य एकाच वाटेने आकाश ओलांडत नाही, एवढे भान निवडणाऱ्याला हवे. युरोपात लिहिलेले पुस्तक सांगते की, मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेस असतो आणि सावली उत्तरेस पडते. तिथे ते बाराही महिने खरे आहे. महाराष्ट्र मात्र संपूर्णपणे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. येथे सूर्य वर्षातून दोनदा नेमका माथ्यावर येतो. पुण्यात मेच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस त्या क्षणी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या दोन दिवसांच्या मधल्या काळात मध्यान्हीचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. मेच्या अखेरीस पुण्यातील एखाद्या मुलाने अंगणात एक मीटर उंचीची काठी रोवली, तर माध्यान्ही तिची सहा सेंटिमीटरच्या आसपासची सावली दक्षिणेकडे पडलेली त्याला दिसेल. पुस्तक एक सांगते आणि अंगण दुसरे. अशा वेळी मुलाने विश्वास कोणावर ठेवावा? जे पुस्तक त्याला काठी रोवून पाहण्यास सांगते ते विज्ञानाचे पुस्तक. जे काठीपेक्षा स्वतःच्या छापील वाक्याला मोठे मानावयास शिकविते ते केवळ विज्ञानाच्या विषयावरचे पुस्तक.

ऋतूंच्या आकृतीचेही असेच. पृथ्वीची कक्षा लांबट अंड्यासारखी काढलेली चित्रे बालपुस्तकांत सर्रास आढळतात. ती पाहून मूल सहजच समजते की, सूर्याजवळ गेले की उन्हाळा आणि दूर गेले की हिवाळा. वस्तुस्थिती अशी की, पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या आरंभी, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. सर्वांत दूर जाते ती जुलैच्या आरंभी, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. दोहोंतला फरक इतका अल्प आहे की, कक्षा पानावर प्रमाणात काढली तर ती वर्तुळच वाटेल. ऋतू होतात ते पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे. खाली मजकूर अचूक असूनही वरच्या चित्राने मुलाची समजूत आयुष्यभरासाठी बिघडू शकते. यासाठीच विज्ञानाचे पुस्तक निवडणाऱ्याने मजकुराइतक्याच काळजीने आकृत्या वाचल्या पाहिजेत.

मराठी पुस्तकांच्या वाट्याला आणखी एक संकट येते. ते हिंदीच्या वाटेने झालेल्या भाषांतराचे. दोन्ही भाषांची लिपी एक आणि शब्दभांडारही बरेचसे समान. त्यामुळे भाषांतर सोपे वाटते आणि नेमका तिथेच घात होतो. हिंदीत ‘मांसपेशी’ म्हणजे मराठीतला स्नायू, तर मराठीत ‘पेशी’ म्हणजे हिंदीतली ‘कोशिका’. हिंदीतले रसायनशास्त्रातील ‘तत्त्व’ हे मराठीत ‘मूलद्रव्य’ आहे. हिंदीत ‘क्षार’ हा शब्द आम्लाच्या विरुद्ध गुणधर्माच्या पदार्थाला वापरतात. मराठी पाठ्यपुस्तकात त्याला ‘आम्लारी’ म्हणतात आणि ‘क्षार’ म्हणजे आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून मिळणारा पदार्थ. वर्गात एक अर्थ आणि अवांतर वाचनात नेमका उलटा अर्थ मिळाला, तर मुलाला विज्ञान कठीण वाटू लागते. पुढे मराठीतून विज्ञान शिकताच येत नाही, असा निष्कर्ष पालक काढतात. दोष भाषेचा नसतो. न वाचता घेतलेल्या पुस्तकाचा असतो.

वस्तुतः मराठीतील विज्ञानलेखनाची परंपरा अभिमानास्पद आहे. १८३२ मध्ये ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ सुरू केले ते लोकांना निरनिराळ्या शास्त्रांची ओळख व्हावी म्हणून. त्याच बाळशास्त्रींनी १८४५ मध्ये ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित आवृत्ती शिळाप्रेसवर काढली. ज्ञानेश्वरी आणि गणित ही दोन्ही एकाच हाताने समाजापुढे ठेवण्यात त्यांना कोणताही विरोध जाणवला नाही. पुढे १९२८ मध्ये पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले, १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली, १९७१ पासून बालभारतीचे ‘किशोर’ घरोघर पोहोचू लागले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाने विज्ञानाच्या परिभाषेला पक्की बैठक दिली. डॉ. जयंत नारळीकरांसारख्या थोर खगोलशास्त्रज्ञाने आयुष्यभर मराठीतून लिहिले. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा विज्ञानाची गोडी त्यांच्या पुस्तकांमुळे लागली असे सांगणारे वाचक सर्व पिढ्यांत होते. चांगली पुस्तके नाहीत, ही तक्रार म्हणूनच खरी नाही. ती शोधून मुलांपर्यंत नेणारी चाळणी नाही, हे खरे दुखणे आहे.

चाळणीचा एक भाग काळाचा आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने २४ ऑगस्ट २००६ रोजी प्राग येथे ग्रहाची व्याख्या निश्चित केली आणि प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली. आज शाळेत जाणारी मुले त्यानंतर जन्मली आहेत. तरीही नऊ ग्रहांची पुस्तके अनेक कपाटांत ठाण मांडून असतात. याचे कारण आळस एवढेच नाही. सार्वजनिक ग्रंथालयाचा दर्जा ठरविताना ग्रंथसंख्या हा एक निकष असतो आणि शाळेच्या तपासणीतही पुस्तकांची मोजदाद होते. पुस्तक रद्द केले तर संख्या घटते. ते राहू दिले तर कोणी बोल लावत नाही. अशा व्यवस्थेत जुने पुस्तक बाजूला काढणारा ग्रंथपाल अडचणीत येतो आणि धूळ जमू देणारा सुरक्षित राहतो. इतिहासमूल्य असलेला जुना ग्रंथ जपलाच पाहिजे. पण त्याची जागा संदर्भविभागात आहे, मुलांच्या कपाटात नव्हे.

सेवाभावी संस्थांनी आणि कार्यकर्त्यांनीही या ठिकाणी आत्मपरीक्षण करणे उचित ठरेल. वनवासी आश्रमशाळा, वसतिगृहे आणि सेवावस्त्यांतील अभ्यासिकांसाठी शहरांतून पुस्तके गोळा करण्याचे उपक्रम मोठ्या उत्साहाने होतात. त्यामागची भावना निर्मळ असते. परंतु घरातल्या मुलासाठी जे पुस्तक कालबाह्य ठरले म्हणून काढून टाकले, तेच दुर्गम पाड्यावरच्या मुलासाठी चालेल, असे मानणे हा त्या मुलाचा अवमान आहे. ज्याच्याकडे एकच पुस्तक असणार आहे, त्याला सर्वांत चांगले पुस्तक मिळावयास हवे.

आता एका नाजूक विषयाचा उल्लेख अटळ आहे. भारतीय विज्ञानपरंपरेवरील पुस्तकांना गेल्या काही वर्षांत मोठी मागणी आहे आणि ती स्वागतार्ह आहे. विज्ञान म्हणजे ग्रीसमध्ये जन्मलेले आणि युरोपात वाढलेले शास्त्र, मधल्या काळात भारत जणू निद्रिस्तच होता, असा समज करून देणारी पुस्तके दीर्घकाळ मुलांच्या हाती पडत आली. ती अपुरी आहेत म्हणून सदोष आहेत. पण त्यांना उत्तर म्हणून प्राचीन विमानांच्या रंगीत आकृत्या देणारी पुस्तके घेणे, हे एका दोषावर दुसऱ्या दोषाचे लेपन होय. ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथाचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच संशोधकांनी करून १९७४ मध्ये प्रसिद्ध केला. हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता. या पाच जणांत डॉ. एच. आर. नागेंद्र हेही होते. पुढे योगाच्या अभ्यासासाठी आणि प्रसारासाठी ज्यांनी जीवन वाहिले तेच हे नागेंद्र. भारतीय परंपरेवर अविचल श्रद्धा असलेल्या माणसाला हे सत्य सांगताना संकोच वाटला नाही, हे ग्रंथ निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

कारण खरा वारसा इतका समृद्ध आहे की, त्याला उसन्या अलंकारांची गरजच नाही. कोणत्याही पूर्ण संख्येचा वर्ग घ्यावा, त्याला ६१ ने गुणावे, त्यात १ मिळवावा आणि येणारे उत्तर पुन्हा एखाद्या संख्येचा पूर्ण वर्ग असावे. अशी सर्वांत लहान संख्या कोणती? हा प्रश्न फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने १६५७ मध्ये समकालीन विद्वानांपुढे आव्हान म्हणून टाकला. भास्कराचार्यांनी त्याच्या पाच शतके आधी, ११५० च्या सुमारास, चक्रवाल पद्धतीने तो सोडविला होता. ती संख्या २२,६१,५३,९८० आहे आणि उत्तरातील वर्गाचे मूळ १,७६,६३,१९,०४९. आठवीतले मूल कागद-पेन्सिल घेऊन याचा पडताळा पाहू शकते. हा पडताळा संपल्यावर त्याच्या मनात जो अभिमान उत्पन्न होईल तो कोणीही हिरावून घेऊ शकणार नाही. याउलट विमानाच्या आकृतीवर उभा राहिलेला अभिमान महाविद्यालयातील पहिल्याच वादविवादात कोसळतो. तो कोसळताना भास्कराचार्यांवरचा विश्वासही बरोबर घेऊन जातो. म्हणूनच खोट्या गौरवाची पुस्तके खऱ्या गौरवाची सर्वांत मोठी वैरी आहेत.

चांगले पुस्तक पूर्वजांच्या मर्यादाही सांगते. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्यासह करावयाच्या गणिती क्रियांचे नियम मांडले, ही जगाच्या इतिहासातील मोठी घटना आहे. शून्याला शून्याने भागल्यास शून्य येते, हे त्याचे मत मात्र आजचे गणित मान्य करीत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच पानावर सांगणारा लेखक ब्रह्मगुप्ताला लहान करीत नाही. एका जिवंत, विचार करणाऱ्या परंपरेत त्याला तो सन्मानाने बसवितो.

निवडीची शिस्त कशी असते, याचे दाखले बाहेर पाहावयास मिळतात. अमेरिकेतील विज्ञानप्रसारक संघटनेने, ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ सायन्स’ने, १९६५ मध्ये ‘सायन्स बुक्स’ हे त्रैमासिक सुरू केले. त्याचे कामच शाळा आणि ग्रंथालयांसाठी विज्ञानाच्या पुस्तकांचे परीक्षण करणे हे होते. पुस्तक त्या त्या विषयाच्या जाणकाराकडे जाई, ते कोणत्या वयाच्या वाचकासाठी आहे हे नोंदले जाई आणि शिफारस करण्याजोगे नसेल तर तसेही स्पष्ट छापले जाई. ब्रिटनमध्ये रॉयल सोसायटीच्या बालविज्ञान पुरस्काराची रीत आणखी बोलकी आहे. १९८८ मध्ये सुरू झालेल्या या पुरस्कारासाठी तज्ज्ञ प्रौढांची समिती मोजकी पुस्तके निवडते आणि अंतिम विजेता शाळाशाळांतील मुलांचे गट ठरवितात. अचूकता पाहावी जाणत्यांनी, गोडी सांगावी मुलांनी, हे त्यामागचे सूत्र.

महाराष्ट्राला हे अशक्य आहे काय? समग्र शिक्षा योजनेत २०१८-१९ पासून शासकीय शाळांच्या ग्रंथालयांसाठी ५ हजार ते २० हजार रुपयांपर्यंत वार्षिक अनुदानाची तरतूद आहे. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यामुळे सार्वजनिक ग्रंथालयांचे जाळे खेडोपाडी पसरले आहे. शासनमान्य ग्रंथांची यादी निघते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचे साहाय्य १९७२ पासून आहे. उणीव आहे ती वाचणाऱ्या डोळ्यांची. यादी ही निवडीची सुरुवात होऊ शकते, निवडीला पर्याय होऊ शकत नाही. राज्यभर पसरलेल्या यादीला खोडदच्या शाळेची गरज कशी कळणार? त्या शाळेच्या शेजारी तीस महाकाय तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आकाशाचा वेध घेत असते. बुलढाण्यातील मुलाला लोणारच्या विवराची आणि पायाखालच्या बेसाल्टची कथा हवी असते, हेही त्या यादीला ठाऊक नसते.

काम अवघड नाही. प्रत्येक शाळेने किंवा दोन-चार शाळांनी मिळून एक छोटे वाचनमंडळ नेमावे. त्यात एक विज्ञानशिक्षक, एक ग्रंथपाल, विषय जाणणारी एक निवृत्त व्यक्ती आणि दोन विद्यार्थी असावेत. खरेदीपूर्वी नमुना प्रत मागवून ती पूर्ण वाचावी आणि एका पानाचे टिपण लिहावे. पुस्तकातील विधाने आजच्या ज्ञानाशी जुळतात काय? आकृत्या प्रमाणबद्ध आहेत काय? परिभाषा मराठी पाठ्यपुस्तकाशी सुसंगत आहे काय? लेखन कोणत्या वर्षीचे आणि आवृत्ती कोणत्या वर्षीची? दाखल्यांतले वृक्ष, पक्षी, ऋतू मुलाच्या ओळखीचे आहेत काय? सांगितलेला प्रयोग घरातल्या वस्तूंनी करता येतो काय? तो प्रत्यक्ष करून पाहिला काय? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे कशावरून, असे मुलाने विचारले तर पुस्तकात उत्तर सापडते काय? अशी टिपणे तालुक्याने एकत्र केली, जिल्ह्याने छापली, तर दोन-तीन वर्षांत उत्तम पुस्तकांची विश्वसनीय सूची उभी राहील. मराठी विज्ञान परिषदेचे ठिकठिकाणचे विभाग, महाविद्यालयांतील निवृत्त प्राध्यापक आणि अभियंते यांच्या अनुभवाला याहून सार्थ काम कोणते? शासनानेही नमुना वाचनासाठी वेळ राहील अशा बेताने अनुदान वर्षाच्या पूर्वार्धात द्यावे आणि सकारण रद्द केलेल्या पुस्तकामुळे ग्रंथालयाचा दर्जा घटणार नाही, असा स्पष्ट नियम करावा.

घरांनाही या कामातून सुटका नाही. वाढदिवसाला पुस्तक भेट देण्याची चांगली प्रथा अनेक कुटुंबांनी रुजविली आहे. तिच्यात एवढीच भर घालावी की, भेट देण्यापूर्वी ते पुस्तक आई-वडिलांनी किंवा आजी-आजोबांनी स्वतः वाचावे. मोठ्यांनी वाचलेले पुस्तक मूलही वाचते, हा सर्व घरांचा अनुभव आहे.

चाळीसगावजवळच्या पाटण येथे एक शिलालेख आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो विद्वानांच्या नजरेस आणला. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापन केला आणि निकुंभ राजकुळाने १२०७ मध्ये त्यास दान दिले, अशी नोंद त्यात आहे. गणिताचे कोणते ग्रंथ पुढच्या पिढीने वाचावेत, हे आठशे वर्षांपूर्वी या भूमीतील समाजाने विचारपूर्वक ठरविले, त्यासाठी धन दिले आणि तो निर्णय दगडावर कोरून ठेवला. त्या भूमीच्या वारसांनी आपल्या मुलांचे ग्रंथ मार्चअखेरीच्या घाईत, सवलतीचे टक्के पाहून घ्यावेत, हे शोभत नाही. येत्या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा शाळेच्या कपाटातील निदान दहा विज्ञानपुस्तके तरी कोणीतरी अथपासून इतिपर्यंत वाचून, पारखून ठेवलेली असावीत, एवढा संकल्प प्रत्येक गावात झाला तरी आरंभ झाला असे म्हणता येईल.